गुडघ्यातला काळा ठिपका

ताईला मुंबईला न्यायचं मीच ठरवलं. हे आधीच सांगून टाकतो. घरात हा विषय निघाला की सगळे डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडतात आणि मी पाणी प्यायला आत जातो.

ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचे वडील खोडाळ्याजवळच्या शाळेत मास्तर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ताई नर्सचा कोर्स करून आली आणि मोखाडा तालुक्यातच एका उपकेंद्रावर लागली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी खाट आणि पावसाळ्यात गळणारा व्हरांडा. तिच्याकडचे निम्मे पाडे असे होते की जीप जिथं थांबते तिथून पुढं तास-दीड तास नुसता चढ. लसीचा निळा डबा खांद्याला अडकवून ती जायची. एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यासोबत गेलो होतो. अर्ध्या वाटेत माझी जीभ बाहेर आली आणि ती मात्र कुणाला कितवा महिना आहे, कुणाचं पोर वजनात कमी भरतंय, ते सांगत पुढं चालली होती. पाड्यावरच्या बायका तिला ‘बाय’ म्हणत. ती दिसली की पोरं रडायला लागत, कारण सुई तिच्याकडे असायची.

मी जव्हारला बारावी करून मुंबईत एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स केला आणि पुढं एका मोठ्या खासगी रुग्णालयात एमआरआयच्या मशीनवर लागलो. आई गावात सांगायची, “तो फोटो काढतो.” मला ते ऐकून राग यायचा. मी स्वतःला बराच मोठा समजायला लागलो होतो.

नवं शतक लागून तीनेक वर्षं झाली असतील. भादव्यात ताई वरच्या पाड्यावरून लसीकरण आटोपून उतरत होती. ओहोळातल्या कातळावर शेवाळ होतं. पाय सटकला आणि डबा आपटू नये म्हणून तो छातीशी धरून ती डाव्या गुडघ्यावर पडली. डब्याला पोचा आला, त्याची रजिस्टरात नोंद झाली. गुडघ्याची कुठंच झाली नाही. जव्हारला एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. गोळ्या आणि बांधायची पट्टी घेऊन ती आठव्या दिवशी कामावर हजर.

वर्षभर तिनं तसंच रेटलं. चढताना काही नाही, उतरताना मात्र गुडघ्यात कुणी खिळा फिरवतंय असं वाटायचं, असं ती सांगे. शेवटी मी तिला आमच्या मशीनमध्ये घातलं. मांडीच्या हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते, आपल्याकडे तिला गादी म्हणतात, तिचा जुन्या आठ आण्याएवढा तुकडा उडाला होता. खाली हाड उघडं.

नाशिकच्या एका हाडाच्या डॉक्टरांना तिनं तो रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, “त्या जागी हाडाला बारीक छिद्रं पाडू. रक्त येईल, त्यातून गादीसारखं काहीतरी भरून येईल. मूळची गादी नाही, पण तुमच्या वयाला बऱ्याच जणांचं काम भागतं.” ताईला पटलं. तिनं रजेचा अर्जही लिहिला होता.

तो अर्ज मी फाडायला लावला.

त्याचं कारण आमच्या रुग्णालयातले एक डॉक्टर. ते मूळपेशींवर, म्हणजे स्टेम सेलवर, संशोधन करत. बाकीचे बडे डॉक्टर माझ्या खोलीच्या काचेपलीकडून बोटानं खुणा करायचे, हे आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. त्यांनीच मला सगळं समजावून सांगितलं. कमरेच्या हाडातून मगज काढायचा. त्यातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या. त्यांना लोहाचे अतिसूक्ष्म कण खाऊ घालायचे आणि मग त्या पेशी गुडघ्यातल्या खड्ड्यात बसवायच्या, म्हणजे तिथं नवी गादी धरेल. लोहानं चुंबकाचं क्षेत्र बिघडतं, त्यामुळे एमआरआयमध्ये तेवढी जागा काळी दिसते.

“आजवर पेशी घातल्या की आपण आंधळे,” ते म्हणाले. “आता गुडघा न उघडता कळेल, त्या आहेत की नाहीत.”

मला हे लगेच कळलं. विसरून राहिलेली केसातली पिन चित्रात केवढं मोठं काळं भोक पाडते, हे मी रोज बघत होतो. आणि एवढा मोठा माणूस हे मला समजावतोय, याचीच नशा जास्त होती. शेळ्यांवर झालंय, ते म्हणाले, आता थोडी माणसं घ्यायची आहेत. वय कमी, खड्डा एकच, असा पेशंट हवा.

मी म्हणालो, “सर, माझी बहीण आहे.”

संमतीचा फॉर्म घेऊन मी मोखाड्याला गेलो. पंधराएक पानं इंग्रजी, आणि मराठीतलं एक पान, तेही असलं की इंग्रजी बरं. भावोजी पंचायत समितीत कारकून. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“हे एक्स्पेरिमेंटल लिहिलंय.”

“हो.”

“म्हणजे प्रयोग ना?”

“नवीन उपचार आहे भावोजी. नवीन असलं की असंच लिहितात.”

ताई चुलीपुढून म्हणाली, “अहो, त्याला कळतं त्यातलं. तो रोज तेच करतो.”

प्रयोग हा शब्द मी मुद्दाम टाळला. प्रयोग म्हटलं असतं तर तिनं सही केली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाड्यावर नव्या गोळ्या आल्या तरी ती आधी पाकिटावरचं सगळं वाचणारी बाई. पण इथं पाकीट म्हणजे मी होतो. तिनं राखेचे हात पुसले आणि जिथं जिथं मी बोट ठेवलं तिथं सह्या केल्या.

कमरेतून मगज काढताना ती ओरडली नाही, माझा हात मात्र चेपून काढला. महिनाभरानं पेशी बसवल्या. दोन आठवड्यांनी पहिला स्कॅन. मीच तिच्या बांगड्या, मंगळसूत्र, पिना काढून घेतल्या, गुडघ्याभोवती कॉइलचं कडं बसवलं आणि काचेमागं येऊन माइकवर म्हणालो, “ताई, हलू नकोस. आवाज येईल, घाबरू नको.”

पडद्यावर चित्र उतरलं. हाडाच्या टोकाला, बरोबर त्या खड्ड्यात, काळाकुट्ट ठिपका. डॉक्टर माझ्या मागं उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

ती बाहेर आली ती विचारतच, “दिसल्या का रे?”

“दिसल्या. आहेत जागेवर.”

मी तिला फिल्मची एक प्रत दिली, ठिपक्याभोवती पेन्सिलीनं गोल काढून. तिनं ती उपकेंद्राच्या खिडकीला लावली. लसीला आलेल्या बायकांना ती फिल्म उन्हासमोर धरून दाखवायची. “हे काळं दिसतंय ना, त्या माझ्या पेशी. कमरेतल्या काढून गुडघ्यात लावल्यात. भाताचं आवण उपटून खाचरात लावतो तशा.” एका म्हातारीनं फिल्मला हात लावून तो कपाळाला लावला. ताईनं मला हे हसून सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

सहा आठवड्यांनी ठिपका होता. तीन महिन्यांनी होता. सहा महिन्यांनीही होता. दर खेपेला ती कसाऱ्यापर्यंत जीपनं, पुढं गाडीनं, कुबडी सांभाळत यायची, आणि दर खेपेला मी काचेमागून सांगायचो, आहेत. दुखणं मात्र तसूभर हललं नव्हतं. उलट आता सपाटीवरही पाय टाकताना ती ओठ चावायची.

सहाव्या महिन्याला डॉक्टरांनी तिला समोर बसवलं.

“पेशी तर दिसताहेत,” ते म्हणाले. “मग दुखतंय कशानं? सांगितलेले व्यायाम करता का?”

“करते.”

“चढउतार?”

ताईनं मान खाली घातली. “दोनदा गेले होते वर. गोवरची साथ होती, साहेब. माझ्या मदतीला दिलेली नवी मुलगी जायला तयार नव्हती.”

“बघा,” डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, तिच्याकडे नाही. “आपण इथं एवढं करायचं आणि पेशंटनं असं करायचं.”

मी तिची फाइल काखेत मारली. परतताना तीच म्हणाली, “माझंच चुकलं बघ. पेशी बिचाऱ्या धरून बसल्यात आणि मी त्यांच्यावर नाचले.” आपल्याच गुडघ्याची तिला लाज वाटायला लागली होती. त्या दिवसापासून तिनं घरातही काठी घेतली आणि अंगणाच्या पायऱ्या उतरणं सोडलं.

पुढच्याच महिन्यात रुग्णालयाच्या सभागृहात डॉक्टरांचं भाषण झालं. बाहेरगावचे डॉक्टर आले होते. चित्रं मी काढलेली, म्हणून संगणकावर मला बसवलं. ताईचा गुडघा पडद्यावर भिंतीएवढा झाला. खाली नावाऐवजी क्रमांक, ठिपक्याकडे पिवळा बाण, आणि बाणाशेजारी इंग्रजीत लिहिलेलं, प्रत्यारोपित पेशी सहा महिन्यांनी जिवंत. टाळ्या पडल्या. दुखण्याबद्दल एकही स्लाइड नव्हती.

मागच्या रांगेतून एक वयस्कर रेडिओलॉजिस्ट उठले. काठीवर भार देत त्यांनी शांतपणे विचारलं, “तुम्हाला लोह दिसतंय. पेशी जिवंत आहे, हे कशावरून?”

“सिग्नल कायम आहे,” डॉक्टर म्हणाले.

“पेशी मेली तर लोह कुठं जाईल? शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतील आणि तिथंच बसतील. चित्र असंच दिसेल. शिवाय लोहाचा डाग असतो त्याहून मोठा दिसतो, हे तर तुमचा टेक्निशियनसुद्धा सांगेल.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच सांगता येणार नाही. डॉक्टर हसले, “चांगला मुद्दा आहे, पुढच्या टप्प्यात बघू,” म्हणाले आणि मला पुढची स्लाइड लावायची खूण केली. मी लावली.

त्या रात्री मला झोप आली असं म्हणालो तर खोटं होईल, आणि नाही आली म्हटलं तरी उपयोग नाही. पिनेचं काळं भोक मी हजार वेळा बघितलं होतं. पिन काही जिवंत नसते. एवढी साधी गोष्ट मला स्वतःला का सुचली नाही? सुचली नव्हती, की सुचून मी ती बाजूला सारली होती?

दहाव्या महिन्यात ताईचा गुडघा अडकला. मोखाड्याच्या बाजारात भाजी घेताना वाकली आणि पाय सरळच होईना. भावोजींनी जीप करून तिला आमच्या रुग्णालयात आणलं. दुर्बिणीतून आत बघावं लागलं. खड्ड्यात कूर्चा नव्हती. गंजासारखा तपकिरी, लिबलिबीत थर होता, त्याचाच एक लोंबता तुकडा सांध्यात अडकला होता. तो काढला आणि तपासायला पाठवला.

तपासणीच्या खोलीत माझ्याच बरोबरीचा एक टेक्निशियन होता, आम्ही डबा एकत्र खायचो. त्यानं मला बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. लोह निळं दिसावं असा रंग त्यानं काचेवर दिला होता. निळे ठिपके भरपूर होते.

“हे सगळं सफाईवाल्या पेशींच्या पोटात आहे,” तो म्हणाला. “तुम्ही घातलेल्या पेशी मला तरी कुठं दिसत नाहीत. कुणाचा रे हा पेशंट?”

“माझी बहीण.”

त्यानं दिवा मालवला. बराच वेळ तो काचा पुसत राहिला.

मी डॉक्टरांकडे गेलो. पहिल्यांदाच न बोलावता गेलो. ते म्हणाले, “एका केसवरून निष्कर्ष काढायचा नसतो.” मी म्हणालो, “सर, सभागृहात तर त्याच एका केसवरून काढला होता.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे तेव्हाचे डोळे हे नव्हते. “तू फोटो काढतोस,” ते म्हणाले. “वाचायचं काम आमचं.”

आईचाच शब्द. आईनं तो अभिमानानं वापरला होता.

ताईला सांगायला मला तीन आठवडे लागले. गेलो तेव्हा ती ओटीवर बसून नागली निवडत होती, पाय पाटावर सरळ ठेवलेला. मी सगळं सांगितलं. लोह, सफाई, निळे ठिपके, सभागृहातल्या टाळ्यासुद्धा. ती ऐकत होती, हात चालूच.

“म्हणजे त्या मेल्यात.”

“हो.”

“कधी?”

“ते कळत नाही. कदाचित पहिल्या महिन्यातच.”

“आणि तू दर वेळी सांगत होतास, आहेत.”

मी खाली सांडलेली नागली वेचायला लागलो. मग ती म्हणाली, “पोलिओच्या बाटलीवर चौकोन असतो. लसीला ऊन लागलं की तो काळा पडतो. बाटली भरलेली असते, रंग तोच असतो, पण चौकोन काळा झाला की आम्ही टाकून देतो. शिकलेली नाही ती अंगणवाडीची मदतनीससुद्धा तो बघते. भरलेली दिसते म्हणून लस जिवंत असते असं आम्ही कधी म्हणत नाही.” तिनं सूप आपटलं. “तुमच्या एवढ्या मोठ्या मशीनला असला चौकोन नव्हता?”

“नव्हता.”

“मग नाही कळत असं सांगायचं होतंस.”

भावोजी आतून आले. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. आवाज न चढवता ते म्हणाले, “मी तो शब्द वाचला होता.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. “तुला माहीत होतं ना, प्रयोग आहे?”

“हो.”

“मग मला तसं का नाही म्हणालास?”

तू बरी व्हावीस म्हणून, हे म्हणता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण मला त्या खोलीत महत्त्व हवं होतं, हे त्याहून जास्त खरं होतं. ती उठायला गेली. मी हात पुढं केला, तिनं तो घेतला नाही. भिंत धरून उठली.

नाशिकच्या डॉक्टरांकडे ती पुन्हा गेली. ते म्हणाले, आता खड्डा पसरलाय, कडा झिजल्यात, छिद्रं पाडून भागायचं नाही. चाळिशीही न आलेल्या बाईला त्यांनी सांधाच बदलावा लागेल, पण त्यासाठी वय वाढायची वाट बघा, असं सांगितलं. ताईनं ठाण्याला जिल्हा परिषदेत अर्ज केला, तिला उपकेंद्रावरून काढून आरोग्य केंद्राच्या भांडारात बसवलं. औषधं मोजायची, पेट्या लावायच्या. पाड्यावरून कुणी बाई आली की विचारायची, “बाय, तू वर नाय यायची का आता?” ताई म्हणायची, “नाय गो.” बाई निघून गेली की ती उगाचच पेट्या इकडच्या तिकडे करायची.

वरच्या पाड्यांवर नवी नर्स जाते असं रजिस्टर सांगतं. ताई ते रजिस्टर बघून मिटून ठेवते.

मी ती नोकरी वर्षभरानं सोडली. तत्त्वासाठी नव्हे. डॉक्टरांनी मला रात्रपाळीवर टाकलं, दुसरीकडे दिवसपाळी मिळाली, म्हणून सोडली. आजही मी मशीनवरच आहे. मला दुसरं काही येत नाही.

चारेक वर्षांनी त्या रुग्णालयातून भावोजींच्या घरी फोन आला. जुन्या पेशंटांचे पुन्हा स्कॅन करायचे आहेत, याल का. मला वाटलं ताई फोन आपटेल. तिनं मला कळवलं, “मी जाणार आहे. तूही ये.”

“कशाला ताई? पुन्हा कशाला?”

“नाही गेले तर त्यांच्या कागदावर मी सहाव्या महिन्यातच राहीन. टाळ्यांपाशी.”

गेलो. काचेमागं कुणी तरुण मुलगी होती, मी बाहेर बाकावर बसलो. स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी आत बोलावलं. ते आता टकले झाले होते आणि नम्र. त्यांनी स्वतः उठून ताईला खुर्ची दिली. पडद्यावर गुडघा होता. कूर्चा भोवतालूनही गेलेली, आणि मधोमध तो ठिपका, थोडा फिकट, पण होता. गंजलेलं लोह शरीरात इतकी वर्षं टिकतं.

ताईनं ठिपका निरखून बघितला. मग विचारलं, “साहेब, मागच्या वेळी सगळ्यांना दाखवलं होतं तसं हेही दाखवणार का? मी आता कशी चालते ते पण लिहिणार का?”

“तसा आमच्या आराखड्यात...” ते म्हणाले, आणि थांबले. “बघू.”

“बघा,” ती म्हणाली.

त्यांनी प्रवासखर्चाच्या कागदावर सही मागितली. तिनं कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. इंग्रजी होता. मी समजावून सांगायला पुढं झुकलो, तर तिनं मला थांबवलं आणि दारात उभ्या त्या तरुण टेक्निशियन मुलीला हाक मारली.

“बाळ, तू वाचून दाखव मला. सगळं वाच.”